संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की माइक घरघरतो: सप्लायमधला १०० हर्ट्झ कसा काढायचा?

खाडीपल्याड

देवळातल्या भजनासाठी एका माइकचा साधा अॅम्प्लिफायर आहे. ट्रान्सफॉर्मर ०-१२ व्होल्ट, २ अँपिअर. चार १एन४००७ डायोडचा ब्रिज (एसीचं डीसी करणारा), त्यावर २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर. तिथून थेट टीडीए२०३० या पॉवर अॅम्प्लिफायरच्या आयसीला सप्लाय. त्याच कंडेन्सरवरून ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर) काढून ४५५८ या ऑप-अॅम्प आयसीचा प्रीअॅम्प आणि इलेक्ट्रेट माइक चालतो. माइकला १२ व्होल्टवरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर.

लक्षणं अशी: दुपारी घरघर अगदी कमी, दिवेलागणीनंतर चढते. पखवाजाची थाप जोरात पडली की त्याच क्षणी मागून "घर्र" येतं. मीटरवर लाईन दुपारी २२५, संध्याकाळी १९५ च्या आसपास.

२२०० काढून १०००० मायक्रोफॅरड टाकला तर जाईल का? की चोक (लोखंडावर गुंडाळलेली कॉइल) बसवू?

ओहमकर

थांबा, अजून काही टाकू नका. आधी घरघर कितीची आहे ते बघा. आपली लाईन ५० हर्ट्झची. ब्रिजमधून गेल्यावर दोन्ही अर्ध्या लाटा एकाच बाजूला येतात, म्हणून सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली चढउताराची लाट) १०० हर्ट्झचा होतो आणि त्याच्या पटीत २००, ३००, ४०० सुद्धा येतात. निव्वळ ५० ऐकू येत असेल तर ती बहुधा सप्लायमधून आलेली नाही. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, माइकच्या वायरची तुटलेली शिल्ड किंवा दोन ठिकाणी झालेलं अर्थिंग, यांपैकी काहीतरी असतं. याला अपवाद एकच. ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला तर सप्लायच अर्ध्या लाटेवर चालतो आणि रिपल ५० चा होतो, तोही जवळपास दुप्पट उंच. बरा चाललेला सेट एका दिवसात जाड आवाजात घुमायला लागला तर आधी डायोड तपासा.

मोजायला मोबाइलवरचं ध्वनी-वर्णपटाचं कुठलंही फुकट अॅप चालतं. फोन स्पीकरच्या जाळीजवळ धरा आणि शिखरं कुठे येतात ते बघा. फोनच्या माइकला ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, तेव्हा ५० ची छोटी टेकडी दिसली तरी ती मोठी समजा.

स्वस्त पिवळा मल्टीमीटर एसीवर लावून रिपल मोजायच्या भानगडीत पडू नका. त्याची सर्वांत खालची एसी रेंज २०० व्होल्टची असते, ०.१ व्होल्टच्या खाली तो आंधळा. वर त्यातले बरेचसे डीसीलाही एसी समजून भलताच आकडा दाखवतात.

दुसरी चाचणी: व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर घरघर राहते का? आणि व्हॉल्यूम चढवून, माइक काढून प्रीअॅम्पचं इनपुट ग्राउंडला जोडल्यावर राहते का? दोन्ही उत्तरं द्या.

मिठागर

ओहमकरांच्या चाचण्या होईपर्यंत गणित करून टाकतो, कारण संध्याकाळचं कोडं आकड्यांतच सुटतं.

रिपलची उंची = करंट भागिले (१०० गुणिले कपॅसिटन्स). थाप पडल्यावर टीडीए२०३० ने अर्धा अँपिअर खेचला तर २२०० मायक्रोफॅरडवर ०.५ ÷ (१०० × ०.००२२) = सुमारे २.३ व्होल्टचा रिपल. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण कंडेन्सर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही. पण हिशोब वाईट बाजूने धरलेला बरा.

आता उंची बघा. १२ व्होल्टचं शिखर १७, ब्रिजमधले दोन डायोड १.४ खातात, उरले १५.६. त्यातून २.३ वजा केले तर दरी १३.३ व्होल्टला. ७८१२ ला आत निदान १४ लागतात, कारण त्याला स्वतःसाठी साधारण २ व्होल्ट हवे असतात. म्हणजे लाईन पूर्ण २३० असतानाही प्रत्येक थापेला रेग्युलेटरचा तोल जातो आणि दरीचा तळ जसाच्या तसा प्रीअॅम्पला पोचतो. तेच तुमचं "घर्र".

१९५ ला ट्रान्सफॉर्मर १०.२ व्होल्ट देतो. शिखर १४.४, डायोडनंतर १३. म्हणजे कोणी गात नसतानाही ७८१२ उपाशी. उपाशी रेग्युलेटर म्हणजे नुसती वायर.

७८१२ चं रिपल दाबण्याचं सामर्थ्य ५५ ते ७० डीबी आहे, म्हणजे काही शे ते तीन हजार पट. पण ते आत पुरेसे व्होल्ट असतील तेव्हाच.

सोल्डर_सावंतवाडी

मग सरळ १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवा की. १८० व्होल्ट लाईनलाही शिखर १६.६, डायोडनंतर १५.२ मिळतं.

मिठागर

बसवता येईल, पण दोन गोष्टी सांभाळा. लाईन २५० ला चढली की डायोडनंतर २१.६ होतात. लोड नसताना छोटे ट्रान्सफॉर्मर पंधरा-वीस टक्के जास्तच देतात, म्हणजे २५ व्होल्टचा कंडेन्सर मरणार. ३५ चा घ्या. (आत्ताच्या १२ व्होल्टवरसुद्धा २५ चा अगदी काठावर आहे.) दुसरं, टीडीए२०३० च्या हीटसिंकला जास्त उष्णता झेलावी लागेल. ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधी स्वस्तातला उपाय करून बघावा असं माझं मत. प्रीअॅम्पला ३० मिलिअँपिअर पुरतात, त्याच्यासाठी अख्खा ट्रान्सफॉर्मर कशाला बदलायचा?

खाडीपल्याड

चाचण्या केल्या. शिखरं १०० ला सर्वांत उंच, मग २०० आणि ३००. ५० ची टेकडी लहान. व्हॉल्यूम शून्यावर अगदी बारीक घरघर उरते. व्हॉल्यूम चढवून इनपुट ग्राउंडला जोडलं तर घरघर बरीच पडते, पण पूर्ण जात नाही. माइक परत लावला की पुन्हा चढते.

ओहमकर

छान, म्हणजे घरघर तीन वाटांनी येतेय. तिन्ही वेगळ्या बंद कराव्या लागतील.

सर्वांत मोठी वाट माइकच्या रेझिस्टरची. इलेक्ट्रेट माइक सप्लायकडून येणारा रिपल अडवत नाही. १२ व्होल्टवर १ मिलिव्होल्ट रिपल असेल तर जवळजवळ तेवढाच माइकच्या तारेवर येतो आणि प्रीअॅम्प त्याला शंभरपट करतो. गायकाचा आवाजही तिथे काही मिलिव्होल्टचाच असतो. ४.७ किलोओहम काढा. त्याजागी २.२ किलोओहमचे दोन सिरीजमध्ये लावा आणि त्यांच्या मधल्या सांध्यावरून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. कंडेन्सरची अधिक बाजू सांध्याकडे. या फिल्टरची कटऑफ दीड हर्ट्झ, १०० हर्ट्झला रिपल ६५ पट खाली.

दुसरी वाट ४५५८ च्या अर्ध्या व्होल्टेजची. एकाच सप्लायवर चालवताना १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी मध्यबिंदू काढलेला असतो. त्यावर कंडेन्सर नसेल तर अर्धा रिपल सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. १० मायक्रोफॅरड असेल तर ३१ पट घट मिळते, १०० टाकला तर ३१४ पट. दोन-चार रुपयांत याहून मोठा फायदा दुसरा नाही.

तिसरी, व्हॉल्यूम शून्यावर उरणारी, टीडीए२०३० मधली. त्याच्याही इनपुटला तसाच मध्यबिंदू असतो, बहुतेक सर्किटांत १०० किलोओहमचे दोन आणि २२ मायक्रोफॅरड. तो छोटा कंडेन्सर हीटसिंकच्या शेजारी भाजून सुकतो. वरून फुगलेला दिसत नाही, पण आत काही उरलेलं नसतं. बदलून टाका, १०५ अंशांचा घ्या आणि हीटसिंकपासून बोटभर लांब बसवा. इलेक्ट्रोलायटिकचं तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

जांभ्या

सोपा उपाय सोडून एवढं कशाला? १०००० मायक्रोफॅरड टाका, काम खल्लास.

मिठागर

खल्लास होईल ते ट्रान्सफॉर्मरचं. कंडेन्सर मोठा केला की रिपल कमी होतो हे खरं. पण तेवढाच चार्ज आता आणखी अरुंद वेळात भरायचा असतो, म्हणून ब्रिजमधून जाणारे करंटचे ठोके उंच होतात. १ अँपिअर लोडला ५-६ अँपिअरचे ठोके सहज पडतात. ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि घरघर ग्राउंडच्या वाटेने परत येते.

ती कशी ते बघा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या १० सेंटिमीटर वायरला सुमारे २.३ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. ६ अँपिअरचा ठोका गेला की त्या बोटभर वायरवर १४ मिलिव्होल्ट उभे राहतात. माइकचं ग्राउंड त्या वायरच्या मध्येच कुठेतरी जोडलं असेल तर गायकापेक्षा मोठी घरघर तुम्ही हातानेच इनपुटला दिली. कितीही फिल्टर लावा, ती जाणार नाही.

म्हणून ब्रिजची वजा वायर आधी कंडेन्सरच्या वजा टोकावर न्यायची, वाटेत दुसरं काही जोडायचं नाही. त्या टोकावरून एक आखूड जाड वायर पुढे काढून तिथे स्टार-ग्राउंडचा, म्हणजे सगळी ग्राउंड एकत्र येण्याचा, एकच बिंदू करायचा. स्पीकरची परतीची वायर, टीडीए२०३० चं ग्राउंड आणि प्रीअॅम्पचं ग्राउंड तिघंही स्वतंत्र वायरने त्या बिंदूला. चॅसिसला जोडणी एकदाच.

२२०० वरून ४७०० करा, तेवढं पुरे.

सोल्डर_सावंतवाडी

चोकचं राहिलं. जुन्या सेटमधला १ मिलिहेन्रीचा चोक पुष्कळांकडे पडलेला असतो.

ओहमकर

पडलेलाच राहू द्या! १ मिलिहेन्री आणि २२०० मायक्रोफॅरड यांचा अनुनाद येतो १०७ हर्ट्झला, म्हणजे आपल्या १०० च्या अगदी अंगाला चिकटून. फिल्टर रिपल कमी करायच्या ऐवजी वाढवून देईल. चोकच्या तारेचा रेझिस्टन्स असल्यामुळे स्फोट होत नाही एवढंच. एलसी फिल्टर १०० हर्ट्झसाठी लावायचा तर अनुनाद खूप खाली हवा. १० मिलिहेन्री आणि ४७०० मायक्रोफॅरडला तो २३ हर्ट्झवर येतो आणि घट साधारण १७ पट मिळते. पण १ अँपिअरला ज्याचं लोखंड संपृक्त होत नाही असा १० मिलिहेन्रीचा चोक पाव किलोचा लोखंडी गोळा असतो, आणि त्याचं स्वतःचं क्षेत्र माइकच्या वायरमध्ये शिरतं.

प्रीअॅम्पसारख्या हलक्या लोडला साधा रेझिस्टर आणि कंडेन्सर बरा. तोही एका टप्प्यात नको. १०० ओहम आणि २००० मायक्रोफॅरड एकत्र लावले तर १०० हर्ट्झला १२६ पट घट. तेच सामान दोन टप्प्यांत वाटलं, ५० ओहम-१००० मायक्रोफॅरड आणि पुन्हा तेवढंच, तर जवळपास ९९० पट. खर्च तोच, व्होल्टचं नुकसानही तेच.

रापणवाला

तां सगळा खरा, पण होडीवर काय करूचा? डिझेल इंजिनच्या डायनॅमोवर १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर छोटा अॅम्प्लिफायर. इंजिन वाढवला की शिट्टीचो सूर चढता.

ओहमकर

तिथे चोक कामाचा आहे. आजचा डायनॅमो म्हणजे अल्टरनेटर. १२ ध्रुवांचा तीन फेजचा असेल तर एका फेऱ्यात ३६ ठोके पडतात. अल्टरनेटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर १८०० हर्ट्झची शिट्टी. इंजिनबरोबर सूर चढतो तो याचमुळे. तोच १ मिलिहेन्री-२२०० मायक्रोफॅरडचा फिल्टर १८०० हर्ट्झला दोनशे पटीच्या पुढे घट देतो. चोकची तार लोडच्या करंटला पुरेल एवढी जाड हवी, आणि तो अॅम्प्लिफायरच्या डब्याजवळ बसवा. अॅम्प्लिफायरची अधिक आणि वजा दोन्ही वायर थेट बॅटरीच्या टोकांवरून आणा. वजा वायर इंजिनच्या लोखंडावरून उचललीत तर शिट्टी जाणार नाही. अधिक वायरवर बॅटरीजवळच फ्यूज.

खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड साचते, तीही रेझिस्टन्सच. ती खरवडून व्हॅसलीन लावलं तर कधी कधी अर्धी शिट्टी तिथेच जाते.

जांभ्या

चॅसिसला हात लावला की घरघर कमी होते, त्याचं कारण काय? अशा वेळी तीन पिनांतली मोठी पिन काढून टाकतात.

मिठागर

हात लावल्यावर कमी होते याचा अर्थ चॅसिस अर्थला नीट जोडलेलंच नाही आणि तुम्ही स्वतः अर्थ झालात. मोठी पिन काढणं हा उपाय नव्हे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं की ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला माइक २३० चा होतो. पिन कधीही काढायची नाही.

आपल्याकडे जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं आणि मार्च-एप्रिलला खड्डा कोरडा पडतो. अर्थिंग पावसाळ्यात चांगलं, शिमग्याला वाईट. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता आणि पट्टीचा नटबोल्टचा सांधा उघडून घासा, गंज तिथेच धरतो. मिठाच्या खड्ड्यात जीआय पाइप लवकर गंजतो, वायरमनला बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरायला सांगा.

दोन सेट एकमेकांना जोडल्यावर ५० ची घरघर येत असेल तर सिग्नलच्या वाटेत एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, ६०० ओहमचा, घाला. अर्थ दोन्हीकडे राहतो आणि दोन सेटच्या अर्थमधून फिरणारा लूप तुटतो.

सोल्डर_सावंतवाडी

आणि ५० हर्ट्झचा ट्विन-टी नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर)? ६८ किलोओहम आणि ४७ नॅनोफॅरडने ४९.८ हर्ट्झ जमतो. मधल्या पायांना ६८ चे दोन समांतर आणि ४७ चे दोन समांतर.

ओहमकर

आकडे बरोबर आहेत, पण तो सिग्नलमध्ये बसतो. म्हणजे घरघर आत येऊ द्यायची आणि मग पखवाजाच्या खर्जासकट कापायची. शिवाय २०० आणि ३०० तसेच राहतात. एक टक्क्याचे रेझिस्टर नसतील तर नॉच उथळ पडतो. वापरायचाच तर सगळं करून झाल्यावर.

खाडीपल्याड

माइकचे रेझिस्टर, मध्यबिंदूचे कंडेन्सर आणि ग्राउंड एवढं केलं. दुपारी पूर्ण शांत. संध्याकाळी १९५ ला अजून थोडी आहे. ७८१२ च्या जागी ७८०९ लावू का? आणि लाईट गेली की देवळातला जुना इन्व्हर्टर चालतो, त्यावर सर्वांत वाईट घरघर, आवाजही फाटतो.

मिठागर

७८०९ ला ११ व्होल्ट पुरतात. पण त्याला मुख्य कंडेन्सरवरून थेट जोडू नका. मधे एक १एन४००७ टाका आणि त्यापुढे प्रीअॅम्पसाठी स्वतंत्र १००० मायक्रोफॅरड. मग थाप पडली आणि मुख्य कंडेन्सर खाली गेला तरी डायोड उलटा होऊन प्रीअॅम्पचा साठा वाचवतो. ३० मिलिअँपिअरला रिपल फक्त ०.३ व्होल्ट. १९५ लाईनला १३ − ०.७ − ०.३ = १२, म्हणजे जमतं. १८० ला १०.९, काठावर.

इन्व्हर्टर मात्र ७८०९ लाही मारेल. जुना म्हणजे बहुधा स्क्वेअर वेव्हचा. साइनच्या २३० चं शिखर ३२५ असतं, स्क्वेअरच्या २३० चं शिखर २३०च. तुमच्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ च्या वर काहीच येत नाही. डायोडनंतर १०.६, दुसऱ्या डायोडनंतर ९.९.

ओहमकर

म्हणून इथे रेग्युलेटर नकोच. ट्रान्झिस्टरचा कपॅसिटन्स मल्टिप्लायर लावा. ४५५८ ला व्होल्टेज स्थिर असायची गरज नाही, स्वच्छ असलं की झालं.

मिठागरांचा डायोड आणि १००० मायक्रोफॅरड तसाच ठेवा. तिथून बीडी१३९ चा कलेक्टर. कलेक्टर ते बेस १ किलोओहम, बेस ते ग्राउंड ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. एमिटरवर १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कंडेन्सर, तिथून प्रीअॅम्प. बेसवरचा फिल्टर १०० हर्ट्झला सुमारे २९५ पट घट देतो आणि एमिटर बेसच्या मागे ०.७ खाली चालतो. गेन १०० धरला तर बेसला ०.३ मिलिअँपिअर, म्हणजे १ किलोओहमवर ०.३ व्होल्ट. एकूण नुकसान १ व्होल्टचं. इन्व्हर्टरवर ९.९ मधून ८.९ उरतात. ४५५८ चालतो.

एमिटरकडून कलेक्टरकडे एक १एन४००७ उलटा लावा, बंद करताना ट्रान्झिस्टर वाचतो. एमिटर ग्राउंडला टेकला तर मात्र बीडी१३९ क्षणात जातो, चाचणी करताना क्लिप सांभाळा. हेच सर्किट अर्ध्या अँपिअरला लावायचं तर बीडी१३९ नको. बेसला ५ मिलिअँपिअर लागतील आणि १ किलोओहमवर ५ व्होल्ट जातील. तिथे जास्त गेनचा टीआयपी१२२, आणि बेसवरून ग्राउंडला १० किलोओहम, म्हणजे एमिटर दरीच्या खाली राहील.

सोल्डर_सावंतवाडी

स्क्वेअर वेव्हच्या उभ्या कडांमुळे जी बारीक चरचर येते ती याने जाणार नाही. त्या कडा ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधून उडी मारून येतात. सेकंडरीच्या दोन टोकांवर १० ओहम अर्धा वॉट आणि ०.१ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा फिल्म, सिरीजमध्ये. ब्रिजच्या प्रत्येक डायोडला १० नॅनोफॅरड १०० व्होल्ट समांतर. जवळ मध्यम लहरींचा रेडिओ असेल तर स्टेशन लावल्यावरच येणारी घुमघुमही यानेच जाते.

प्रायमरीवर ०.१ मायक्रोफॅरड लावायचा असेल तर एक्स२ शिक्क्याचा, २७५ व्होल्ट एसीचाच. साधा ४०० व्होल्ट डीसीचा नको, तो फुटतो. पण स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर प्रायमरीचा कंडेन्सर टाळलेला बरा. प्रत्येक कडेला तो करंटचा झटका खातो.

खाडीपल्याड

बीडी१३९ बसवला. १९५ ला शांत. इन्व्हर्टरवर चरचर थोडी आहे, घरघर नाही. टीडीए२०३० इन्व्हर्टरवर मोठ्या आवाजात अजून फाटतो.

मिठागर

फाटणारच, त्याला १०.६ व्होल्टच मिळतायत. ४ ओहमच्या स्पीकरवर त्यात दीड-दोन वॉटच्या पुढे काही निघत नाही. तिथे फिल्टरचा संबंध नाही. इन्व्हर्टर चालू असताना ट्रान्सफॉर्मर सोडून थेट त्याच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून अॅम्प्लिफायर चालवा. ब्रिजच्या पुढे, मुख्य कंडेन्सरवर, मधे ३ अँपिअरचा १एन५४०८ आणि २ अँपिअरचा फ्यूज घालून. त्या वेळी अॅम्प्लिफायरचा मेन प्लग काढलेला असू दे.